तिसऱ्या खेपेस समुद्र : सॅम्युएल हर्न, मातोनाबी आणि कॉपरमाइन नदी (१७६९–१७७२)

हडसनच्या उपसागरावर, चर्चिल नदीच्या मुखाशी असलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्यातून सॅम्युएल हर्न नावाचा एक इंग्रज खलाशी तेरा महिन्यांत तीन वेळा उत्तरेकडे निघाला. तिन्ही वेळा उद्दिष्ट एकच होते: ज्या नदीकाठी तांबे सापडते असे सांगितले जाई, त्या दूरच्या नदीपर्यंत जमिनीवरून पोहोचणे आणि ती कोठे समुद्राला मिळते ते पाहणे. पहिल्या खेपेस तो पस्तीस दिवसांत परतला. दुसऱ्या खेपेस जवळजवळ नऊ महिने उपासमारीत भटकून, लुटला जाऊन परतला. तिसऱ्या खेपेस तो दीड वर्षाहून अधिक काळ बेपत्ता राहिला आणि परत आला तेव्हा उत्तर अमेरिका खंडातून जमिनीच्या वाटेने आर्क्टिक महासागर पाहून आलेला तो पहिला युरोपीय ठरला होता. माणूस, मालक आणि मुलूख तिन्ही वेळा तेच होते. मग बदलले काय, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे. आणि जे बदलले त्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न त्याच्यापासून वेगळा काढता येत नाही.

वखार आणि तिची गरज

हडसन बे कंपनीला इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७० मध्ये सनद दिली. कंपनीचा सारा धंदा केसाळ कातड्यांचा, त्यातही मुख्यतः बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्यांचा होता, कारण बीव्हरच्या अंगावरील आतल्या मऊ लोकरीपासून युरोपातील टोप्यांचा उत्तम नमदा तयार होई. कंपनीचे लोक पहिली शंभर वर्षे बहुतांशी उपसागराच्या किनाऱ्यावरील वखारींतच बसून राहत आणि आतल्या मुलखातून क्री व चिपेवायन हे तेथील मूळ रहिवासी कातडी घेऊन त्यांच्या दाराशी येत. मालाचा हिशेब पैशांत नव्हे, तर बीव्हरच्या तयार कातड्याच्या एककात होई. बंदूक इतक्या कातड्यांची, किटली इतक्या कातड्यांची, असा दर ठरलेला असे. डेने समाजातील चिपेवायन लोक, ज्यांना कंपनीचे लोक ‘उत्तरेकडचे’ म्हणत, ते आणखी दूरच्या लोकांकडून कातडी मिळवून वखारीत आणीत आणि लोखंडी वस्तू पुढे चढ्या दराने देत. थोडक्यात, या व्यापाराचे खरे अडते तेच होते, आणि त्या मुलखाच्या वाटा त्यांनाच ठाऊक होत्या.

याच लोकांनी तांब्याचे तुकडे आणि नदीचा एक कच्चा नकाशा वखारीत आणला. वखारीचा मुख्य मोझेस नॉर्टन याने १७६८ मध्ये लंडनला जाऊन हे सारे कंपनीच्या संचालकांपुढे मांडले. संचालकांपुढे दुहेरी आशा होती. तांब्याची खाण मिळाली तर उत्तमच. शिवाय अटलांटिकमधून पॅसिफिककडे जाणारी जी वायव्येकडची जलवाट कंपनी मुद्दाम शोधत नाही अशी टीका इंग्लंडात वर्षानुवर्षे चालू होती, तिचाही निकाल लागला असता.

हर्नची निवड झाली, कारण तो तरुण होता, सोशिक होता आणि त्याला अक्षांश मोजता येत होते. त्याचा जन्म १७४५ मधला, लंडनचा. वडील तो लहान असतानाच वारले. कोवळ्या वयात तो आरमारात कॅप्टन सॅम्युएल हूडच्या हाताखाली रुजू झाला, सप्तवार्षिक युद्ध संपल्यावर आरमारातून बाहेर पडला आणि १७६६ मध्ये कंपनीच्या चर्चिल येथील गलबतावर नोकरीस लागला. चर्चिलजवळच्या एका खाडीतील खडकावर त्याने १ जुलै १७६७ या तारखेसह कोरलेले स्वतःचे नाव आजही वाचता येते.

दोन अपयशे

६ नोव्हेंबर १७६९ रोजी किल्ल्यावरून सात तोफांची सलामी झाली आणि हर्न निघाला. बरोबर दोन इंग्रज, वखारीच्या आसऱ्याने राहणारे दोन क्री शिकारी आणि नॉर्टनने नेमलेला चॉचिनाहॉ नावाचा चिपेवायन वाटाड्या व त्याची माणसे होती. वाटाड्याला या कामात रस नव्हता. तो जाणूनबुजून परतण्याची भाषा करू लागला, शिकार मिळाली तरी ती वाटून घेण्याचे टाळू लागला आणि नोव्हेंबर संपता संपता सामान उचलून आपल्या माणसांसह निघून गेला. हर्न ११ डिसेंबरला किल्ल्यात परतला.

२३ फेब्रुवारी १७७० रोजी तो पुन्हा निघाला. या वेळी त्याने एकही इंग्रज बरोबर घेतला नाही, कारण पहिल्या खेपेत आपल्या देशबांधवांना सोबतचे लोक किती कमी मान देतात हे त्याने पाहिले होते. वाटाड्या कॉनीक्वीज नावाचा होता. थंडीचे दिवस एका सरोवराकाठी मासे धरण्यात गेले आणि उन्हाळ्यात हे लोक वृक्षहीन माळावर शिरले. तेथे चूल पेटवण्यापुरतेही सरपण मिळेना. हर्नच्या पाठीवर क्वाड्रंट (अक्षांश मोजण्याचे यंत्र), त्याची तिवई, कागद, कपडे असे साठ पौंडांच्या आसपास ओझे असे. जून महिन्यात तीन मस्क-ऑक्स (उत्तरेकडचे केसाळ रानबैल) मारले गेले, पण पावसाने सारे भिजलेले असल्यामुळे ते मांस कच्चेच खावे लागले. पुढे कित्येक दिवस रानबोरे, जुन्या चामड्याचे तुकडे आणि भाजलेली हाडे यांवर काढावे लागले. उपासानंतर पोटात गेलेला पहिला घास किती वेदना देतो, हे त्याने आपल्या वृत्तांतात इतक्या शांतपणे लिहिले आहे की वाचणाऱ्यालाच त्या वेदनेचे गांभीर्य नंतर लक्षात येते.

११ ऑगस्टला दुपारच्या निरीक्षणासाठी उभा करून ठेवलेला क्वाड्रंट तो जेवत असताना वाऱ्याच्या झोताने कोसळून फुटला. पाठोपाठ काही अनोळखी चिपेवायन आले, तंबूत बसले, तंबाखू मागितली आणि मग त्याच्या सामानातून हवे ते काढून घेतले. विनवण्या केल्यावर त्यांनी सुरी, आरी, सुई, वस्तरा आणि थोडा साबण एवढे मागे ठेवले. हर्न लिहितो की ओझे हलके झाल्यामुळे पुढची चाल सोपी झाली. थंडी मात्र जवळ आली होती, अंगावर उबदार कपडे नव्हते, तंबू नव्हता आणि बर्फावर चालण्याची जाळीदार पादत्राणे बनवण्यास लाकूड नव्हते.

या अवस्थेत, २० सप्टेंबर १७७० रोजी, त्याला मातोनाबी भेटला.

मातोनाबीचे निदान

मातोनाबी त्या वेळी पस्तिशीच्या आसपासचा होता. तो प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्यातच जन्मला. वडील चिपेवायन, आई त्यांच्या हाती आलेली गुलाम स्त्री. वडील लवकर वारल्यावर वखारीचा तेव्हाचा मुख्य रिचर्ड नॉर्टन, म्हणजे मोझेसचा बाप, याने त्याला काही काळ सांभाळले. त्यामुळे तो क्री भाषा उत्तम बोले आणि इंग्रजांच्या रीतीही जाणत असे. चिपेवायन आणि अथाबास्का मुलखाकडचे क्री यांच्यातील जुने वैर मिटवण्यासाठी तो स्वतःच्या जिवावर उदार होऊन शत्रूच्या तळांत जाऊन आला होता. तांब्याच्या नदीपर्यंतही तो जाऊन आला होता, आणि लंडनला पोहोचलेली माहिती ज्यांच्याकडून आली त्यांपैकी तो एक होता. ज्याला हे सारे ठाऊक होते त्यालाच पहिल्या दोन खेपांत नेमले गेले नाही.

त्याने प्रथम हर्नच्या अंगावर पाणमांजराच्या कातड्यांचा पोशाख चढवला, त्याला जेवू घातले आणि पादत्राणांसाठी लाकूड कोठे मिळेल ते दाखवले. त्यानंतर त्याने अपयशाची कारणे सांगितली. वाटाडे निकामी होते, हे एक कारण. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे नॉर्टनच्या इच्छेनुसार बरोबर स्त्रिया घेतल्या नव्हत्या. पुरुषांच्या पाठीवर ओझी असली तर ते शिकार करू शकत नाहीत, आणि शिकार मिळालीच तर ती वाहून कोण नेणार, असे त्याचे म्हणणे होते. स्त्रिया दोन पुरुषांइतके ओझे ओढतात, तंबू उभारतात, कातडी कमावतात, कपडे व पादत्राणे शिवतात. त्यांच्यावाचून या मुलखात दूरचा प्रवास होऊच शकत नाही. आणि त्यांना पोसण्याचा खर्चही थोडा, कारण स्वयंपाक त्याच करीत असल्याने टंचाईच्या दिवसांत नुसती बोटे चाटूनही त्यांचे भागते, अशी पुस्तीही त्याने जोडली.

या बोलण्यातील निर्दयता लपण्यासारखी नाही आणि हर्ननेही ती लपवली नाही. तरीही प्रवासाच्या व्यवस्थेविषयीचे हे निदान अचूक होते. लंडनने व नॉर्टनने हा प्रवास एका माणसाची कामगिरी म्हणून आखला होता: सरळ वायव्येची दिशा धरायची, यंत्राने मोजायचे आणि परत यायचे. मातोनाबीच्या दृष्टीने प्रवास म्हणजे एक चालते घर होते, जे कॅरिबूंच्या, म्हणजे उत्तरेकडच्या हरणांच्या, कळपांमागून हिवाळ्यात जंगलाच्या कडेने सरकते आणि वसंतात त्यांच्यासोबत माळावर उतरते. पहिल्या दोन खेपांत हर्न या घराबाहेर राहून ते ओलांडू पाहत होता. मला या संपूर्ण प्रकरणातील निर्णायक क्षण समुद्रदर्शनाचा नव्हे, तर हे म्हणणे ऐकून घेऊन चोवीस-पंचवीस वर्षांच्या इंग्रजाने ते मान्य केले तो वाटतो.

२५ नोव्हेंबरला तो किल्ल्यात पोहोचला आणि अवघ्या बारा दिवसांनी, ७ डिसेंबर १७७० रोजी, मातोनाबी व त्याच्या कुटुंबासह पुन्हा निघाला. फुटलेल्या क्वाड्रंटऐवजी किल्ल्यात तीसहून अधिक वर्षे पडून असलेला एल्टन पद्धतीचा जुना क्वाड्रंट त्याला मिळाला.

चालते घर

सुरुवात हलाखीचीच झाली. वाटेत पुरून ठेवलेले सामान कोणीतरी आधीच लुटून नेले होते आणि नाताळाच्या दिवसांत कित्येक दिवस तंबाखूची चिलीम व बर्फाचे पाणी यांवर काढावे लागले. परंतु मातोनाबी उत्तरेकडे वळला नाही. तो पश्चिमेकडे, जंगलाच्या कडेने, कॅरिबूंच्या मागावर चालत राहिला. एप्रिलमध्ये एका सरोवराकाठी थांबून तंबूंसाठी बारीक वासे तोडण्यात आले, कारण पुढे माळावर झाडे नव्हती; होड्यांसाठी भूर्जाची साल गोळा केली गेली. मे महिन्यात क्लोवी नावाच्या ठिकाणी होड्या बांधल्या गेल्या. हे सारे कोठे, कोणत्या महिन्यात आणि किती दिवसांत करायचे याचे ज्ञान कोणत्याही नकाशात नव्हते.

याच वाटेवर तांड्यातील एक स्त्री जवळजवळ दोन दिवसांच्या वेणांनंतर बाळंत झाली. बाळ जन्मताच तळ हलवण्याची खूण झाली आणि तिने बाळ पाठीशी बांधून गुडघाभर बर्फ-पाण्यातून चालायला सुरुवात केली. तिची घसरगाडी दुसऱ्या बाईने ओढली, तीही एकच दिवस. हर्नने हे नमूद केले, तिचे नाव मात्र नमूद केले नाही. ज्यांच्या श्रमावर हा शोधप्रवास उभा होता त्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत, याची खंत हा वृत्तांत वाचताना पानोपानी वाटत राहते.

हा प्रवास आता हर्नच्या हाती नव्हता. मे अखेरीस मातोनाबीची एक बायको आणि आणखी एक स्त्री आपापल्या आधीच्या माणसांकडे पळून गेल्या, तेव्हा रागाने व दुःखाने त्याने मोहीमच सोडून अथाबास्काकडे निघून जाण्याचे ठरवले. हर्नने बऱ्याच विनवण्या करून, पूर्वीच्या वचनांची आठवण देऊन त्याचे मन वळवले. तिसरी खेपही त्या संध्याकाळी संपू शकली असती.

धबधब्याजवळ

क्लोवीला बरेच अनोळखी पुरुष तांड्यात सामील झाले होते आणि त्यांनी लाकडी ढाली बनवायला घेतल्या, तेव्हा त्यांचा हेतू उघड झाला. नदीच्या मुखाशी उन्हाळ्यात मासेमारीस येणारे इनुइट, म्हणजे आर्क्टिक किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी, हे चिपेवायनांचे जुने वैरी होते. हर्नने विरोध केला. त्याला भित्रा ठरवण्यात आले. आपला जीव याच लोकांच्या हाती आहे हे जाणून त्याने शब्द मागे घेतले, आणि इनुइटांचे काहीही झाले तरी आपल्याला पर्वा नाही असे तो बोलून गेला. पुढे हळूहळू बहुतेक बायकामुले मागे ठेवून पुरुष भरभर उत्तरेकडे निघाले आणि १४ जुलै १७७१ रोजी कॉपरमाइन नदीवर पोहोचले.

१७ जुलैच्या पहाटे, मध्यरात्रीनंतर तासाभराने, त्यांनी धबधब्याजवळील पाच तंबूंवर हल्ला केला. झोपेतून उठलेले वीसहून अधिक स्त्री-पुरुष व मुले मारली गेली. हर्न लिहितो की सुमारे अठरा वर्षांची एक मुलगी त्याच्या पायांशी कोसळली, भाला खुपसलेल्या अवस्थेत तिने त्याच्या पायांना विळखा घातला, आणि त्याची याचना मारेकऱ्यांनी टवाळीवर नेली. त्या दिवसाची आठवण आली की डोळे भरून येतात, असे त्याने अनेक वर्षांनंतर नमूद केले. त्या ठिकाणाला त्याने ‘ब्लडी फॉल्स’, म्हणजे रक्ताचा धबधबा, असे नाव दिले.

हा भाग त्याने पुढे वीस वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा लिहिला. आरंभीच्या हस्तलिखित नोंदी व छापील पुस्तक यांत फरक आहेत आणि छापील वर्णन वाचकांच्या मनावर अधिक परिणाम व्हावा म्हणून रंगवले गेले असावे, असे काही अभ्यासक मानतात. ही शंका रास्त आहे. तथापि हत्याकांड घडले, यावर तिचा परिणाम होत नाही. मातोनाबीने त्याला वाचवले, निभावून नेले, आणि या हल्ल्यातही मातोनाबी सामील होता. एका बाजूचे लिहून दुसरी गाळण्याची सोय हर्नने स्वतःला दिली नाही, म्हणूनच त्याचा वृत्तांत विश्वासार्ह वाटतो.

समुद्र, तांबे आणि चुकलेले अक्षांश

त्याच दिवशी तो नदीच्या मुखाशी गेला. समोर बेटांनी व वाळूच्या दांड्यांनी भरलेला, बर्फाने झाकलेला समुद्र होता. रीत म्हणून त्याने एक खूण उभारून कंपनीच्या वतीने किनाऱ्याचा ताबा घेतला. मग धुके व झिमझिम पाऊस आला आणि नदी गलबतांच्या कामाची नाही हे दिसल्यामुळे त्याने अक्षांश मोजण्यासाठी आभाळ निवळण्याची वाट पाहिली नाही. आधीच्या मोजणीवरून, चाललेल्या अंतराच्या अंदाजाने त्याने मुखाचे अक्षांश ७१ अंश ५४ मिनिटे ठरवले. खरे अक्षांश ६७ अंश ४८ मिनिटांच्या आसपास आहेत. चूक चार अंशांहून अधिक, म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या घरात जाते.

तांब्याची खाण म्हणजे दगडधोंड्यांचा पसारा निघाला. सर्वांनी मिळून सुमारे चार तास शोधल्यावर चार पौंडांचा एक तुकडा मिळाला, आणि कंपनीची ती आशा तेथेच संपली. परतीच्या चालीत वेग इतका होता की हर्नच्या पायांची नखे गळून पडली आणि त्याच्या प्रत्येक पावलागणिक रक्त उमटत होते. डिसेंबर १७७१ अखेरीस तांडा ग्रेट स्लेव्ह सरोवराशी पोहोचला आणि ते गोठलेल्या स्थितीत ओलांडले. ते पाहणाराही तो पहिला युरोपीय होता.

११ जानेवारी १७७२ रोजी शिकाऱ्यांना जंगलात एका अनोळखी पादत्राणाचा माग दिसला. माग एका लहान झोपडीशी गेला. आत डॉगरिब समाजाची एक तरुण स्त्री एकटी राहत होती. क्री टोळीने तिला पकडून नेले होते. त्यांच्या तावडीतून सुटून घराची वाट न सापडल्याने तिने सात महिने एकटीने काढले होते. लोखंडी पट्टीचा पाच-सहा इंचांचा तुकडा हीच तिची सुरी; दोन दगड घासून ती विस्तव पेटवी, सापळ्यांत ससे धरी, सशांच्या कातड्यांचे कपडे तिने नीटस व नक्षीदार शिवले होते आणि वसंतात मासे धरता यावेत म्हणून विलोच्या सालीच्या दोऱ्या वळून ठेवल्या होत्या. ज्या मुलखात कंपनीचे सामान व बंदुका घेऊन गेलेला हर्न दोनदा हरला, तेथे तिने हे केले होते. त्याच रात्री तांड्यातील पुरुषांनी तिच्यासाठी आपसांत झुंजी खेळल्या.

३० जून १७७२ रोजी हर्न किल्ल्यात परतला. प्रवास अठरा महिने आणि तेवीस दिवसांचा झाला होता.

त्यानंतर

जमिनीवरून आर्क्टिकपर्यंत चालत जाता येते, म्हणजे मध्ये कोणतीही जलवाट खंडाला आडवी छेदत नाही, हे या चालीने सिद्ध झाले. तरी त्याच्या अक्षांशांवर अलेक्झांडर डॅलरिंपल याने जाहीर शंका घेतली. हा डॅलरिंपल म्हणजे मद्रासेत नोकरी करून पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा सागरी नकाशाकार झालेला; हिंदुस्थानच्या किनाऱ्यांचे नकाशे त्याच्याच देखरेखीखाली छापले जात. आकड्यांपुरती त्याची शंका बरोबर होती.

कंपनीने हर्नला नंतर खऱ्या अर्थाने व्यापाराच्या कामी लावले. माँट्रिऑलहून आलेले व्यापारी आतल्या मुलखातच कातडी विकत घेऊ लागले होते. त्यांना तोंड देण्यासाठी १७७४ मध्ये त्याने सस्कॅचवान नदीच्या परिसरात कंबरलंड हाउस वसवले, आणि दाराशी बसून वाट पाहण्याची शतकाची सवय कंपनीने मोडली. १७७६ मध्ये तो प्रिन्स ऑफ वेल्स किल्ल्याचा मुख्य झाला. तेथे त्याने बीव्हर पाळले; ते भात आवडीने खात, आणि बीव्हरविषयी युरोपात पसरलेल्या कपोलकल्पित कथा त्याने स्वतःच्या निरीक्षणांनी खोडून काढल्या. या व्यापारी माणसाने एक कबुलीही दिली आहे: जे चिपेवायन कॅरिबूंच्या मागे राहून वखारीपासून दूर राहतात ते पोटभर जेवतात, आणि जे कातड्यांच्या मागे लागून वखारीपर्यंत लांब चाल करतात ते उपाशी मरण्याचा धोका पत्करतात, तरी नोकरीचे कर्तव्य म्हणून आपण त्यांना व्यापाराकडेच वळवत राहिलो.

१७८१–८२ मध्ये देवीची साथ त्या मुलखात पसरली आणि हर्नच्या अंदाजाने चिपेवायनांपैकी दहांतले नऊ त्यात गेले. ऑगस्ट १७८२ मध्ये फ्रेंच नौदलाचा अधिकारी ला पेरूझ तीन युद्धनौका घेऊन किल्ल्यासमोर आला. हर्नपाशी चाळीसहून कमी माणसे होती आणि त्यांत सैनिक नव्हते. त्याने एकही गोळी न झाडता किल्ला स्वाधीन केला. त्याच्या शरणागतीवर पुढे पुष्कळ दूषणे लिहिली गेली, पण ज्या संख्येने तो उभा होता ती पाहता दुसरा मार्ग मला दिसत नाही.

किल्ला पडला, इंग्रज गेले, ही बातमी मातोनाबीला कळली तेव्हा त्याने त्या हिवाळ्यात गळफास घेतला. त्याच्या सहा बायका आणि चार मुले उपासमारीने मेली. मोझेस नॉर्टनची मुलगी मेरी, जिच्यावर हर्नचा फार जीव होता, तीही त्याच हिवाळ्यात भुकेने गेली. हर्न १७८३ मध्ये परत येऊन वखार पुन्हा उभी करू लागला, तेव्हा त्याला हे सारे कळले.

तो १७८७ मध्ये लंडनला परतला, वृत्तांताचे हक्क २०० पौंडांना विकले आणि नोव्हेंबर १७९२ मध्ये, पुस्तक छापून होण्याआधीच, वारला. पुस्तक १७९५ मध्ये निघाले. त्यात मातोनाबीच्या जन्मापासून मरणापर्यंतची हकिकत त्याने सविस्तर दिली आहे आणि मोहीम यशस्वी होण्याचे श्रेय त्याच्याकडे दिले आहे.

जुलै १८२१ मध्ये जॉन फ्रँकलिनची तुकडी त्याच धबधब्यापाशी पोहोचली. तिला तेथे मानवी कवट्या दिसल्या. नदीच्या मुखाचे अक्षांश तिने नव्याने मोजले आणि नकाशावरील समुद्र चार अंश दक्षिणेस आणला. मुखाजवळच्या वस्तीचे इंग्रजी नाव ‘कॉपरमाइन’ १९९६ मध्ये बदलून इनुइटांचे ‘कुगलुकटुक’ हे नाव अधिकृत करण्यात आले.